आंब्याच्या पोटातला टॉवर

मुक्काम आपली वाडी, ता. पोलादपूर
फाल्गुन शुद्ध तृतीया

ती. आवडीअक्काच्या पायांशी,

पाठचा भाऊ महिपती दोन्ही हात जोडून वाकला आहे असं समजून आशीर्वाद द्यावा. (खरं तर कंबर धरल्यामुळे हल्ली वाकता येत नाही, पण पत्रात माणूस पाहिजे तेवढा वाकू शकतो.) इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत, बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली का, आणि भावजींनी तपकीर खरोखर सोडली की नुसती डबी लपवली, हे सविस्तर कळव. समीक्षा (माझीच मुलगी, पण माझी बाजू घेतलेली मला आठवत नाही) तुला नमस्कार सांगते. तिने तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून ठेवलं आहे. शिमग्याला येशील तेव्हा घेऊन जा. आलीस तर. गेले किती शिमगे तू गुडघ्यांच्या नावावर घालवलेस ते मी काढत बसत नाही.

तू म्हणशील, घराघरात फोन असताना ह्याला पत्राची हुक्की कुठून आली. त्याचं असं आहे, की तुला फोन केला की तू तो कानाला लावतेस, दोनदा 'कोण' म्हणतेस आणि सूनबाईकडे देतेस. सूनबाई तो स्पीकरवर टाकून भाजी चिरायला बसते. मग माझा आवाज तुमच्या स्वयंपाकघरातून जिन्यात आणि जिन्यातून वरच्या मजल्यावर आपल्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी अनिलराव यांच्या घरात पोचतो. आज जे लिहिणार आहे ते अनिलरावांच्या कानावर जाता कामा नये. गावच्या ग्रुपवर लिहावं तर तिथून मी स्वाभिमानाने बाहेर पडलो आहे. (समीक्षा म्हणते, मला काढलं. मी बाहेर पडायच्या तयारीतच होतो.)

मंडळाने यंदा शिमग्याची आमंत्रणपत्रिका काढली, ती तुझ्याकडे आलीच असेल. तिच्यावरचं चित्र माझं आहे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव आहे, चष्मा लावून बघ. अक्का, तुला स्पष्टच सांगतो, आयुष्यात पुष्कळ रंगवलं, पण असं चित्र माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. फ्लेक्स येण्याआधी महाडच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या होत्या. आंबेनळी घाटात 'सावकाश चला' लिहिलेला एक कठडा अजून माझ्या अक्षरात उभा आहे, त्याला ठोकर मारून गेलेल्या ट्रकनेसुद्धा अक्षराला धक्का लावला नाही. फ्लेक्स आल्यावर मी शाळांच्या भिंतींवर फळं आणि प्राणी काढू लागलो. नाते गावाच्या बाजूला एका शाळेत मी काढलेल्या वाघाला बघून पहिलीचा वर्ग रडला होता, हे तुला माहीत आहे. (तेव्हा तू म्हणाली होतीस की तो वाघ नव्हे, आजारी कुत्रा दिसतो म्हणून पोरं रडली. मी ते मनावर घेतलं नाही. तू माझ्या कुठल्याच चित्राला आजवर बरं म्हटलेलं नाहीस, आणि तरी मी काढत राहिलो, ह्यातच काय ते आलं.)

तर दिवाळीनंतर अनिलरावांचा फोन आला. मंडळाचं म्हणणं, पत्रिकेवर आपल्या गावच्या शिमग्याचं चित्र पाहिजे, आणि कॉम्प्युटरचं नको, हातचं पाहिजे. मी कामाला लागलो. कागद ताणून घेतला, पोस्टर कलरच्या नव्या बाटल्या आणल्या आणि शिमगा जसा होतो तसा काढला. सहाणेच्या चौथऱ्यावर आपल्या देवीची, काळकाईची पालखी. समोर ढोल. बाजूला मुंबईहून आलेल्या गाड्या, एकमेकींत अशा अडकलेल्या की पालखीला वाट नाही. निळे प्लास्टिकचे कागद घातलेले पत्रे, भाड्याच्या लाल खुर्च्या, हात वर करून व्हिडिओ काढणारी मंडळी. सहाणेच्या मागे आपल्या शेजारच्या भागोजीनानांच्या आवाटात, घरालगतच्या मोकळ्या जागेत, मोबाइलचा टॉवर उभा आहे, तोही काळ्या पक्क्या शाईने एकेक सळई मोजून काढला. टॉवर मला फार साधला होता.

ते चित्र मुंबईला गेलं आणि मंडळाच्या मीटिंगमध्ये सुतकी शांतता पसरली म्हणे. अनिलराव फोनवर हळू आवाजात म्हणाले की हात चांगला आहे, पण हा आपला गाव नव्हे. आपल्या गावात कौलारू घरं पाहिजेत, अंगणात तुळस, चुलीचा धूर, डोक्यावर पितळी घागर घेतलेली बाई आणि एक बैलगाडी. मी म्हटलं, आपल्या चढावर जन्मात बैलगाडी चढलेली नाही, बैलसुद्धा थांबत थांबत येतो. ते म्हणाले, चित्रात चढेल. धुराचं ऐकून ठकूकाकींनी (भागोजीनानांच्या मंडळी, तुला घासघासून न्हाऊ घालायच्या त्याच) डोक्याला हात लावला. त्या धुराने त्यांचे डोळे अधू झाले, गॅस आला तेव्हा त्यांनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि आता मुंबईकरांना चित्रात धूर पाहिजे. पण मी कलावंत आहे. मागणी आली की मी नाही म्हणत नाही.

नवा कागद घ्यायचा तर सगळी पालखी पुन्हा काढावी लागली असती, आणि पालखी एकदाच साधते. म्हणून त्याच चित्रावर चढवाचढव सुरू केली. गाड्यांवर अंगण आलं, खुर्च्यांवर तुळशीवृंदावन आलं, पत्र्यांवर कौलं बसली. व्हिडिओवाल्यांचे वर केलेले हात तसेच ठेवून त्यांना भक्तिभावाने जोडून टाकले. टॉवर मात्र बधेना. पक्की शाई ती. त्याच्यावर आभाळ दिलं की आभाळातून टॉवर वर येई, डोंगर दिला की डोंगराला सळया दिसत. दोन दिवस झटापट झाल्यावर मी चिडून हिरव्या रंगाची अख्खी बाटली घेतली आणि टॉवरच्या अंगावर एक दणदणीत आंबा चढवला. खोड जाडजूड, फांद्या सहाणेवर वाकलेल्या, मोहोर आलेला. एका फांदीला झोका टांगला, कारण तिथे सळईचा एक तुकडा तरी डोकावत होता. अक्का, त्या आंब्याच्या पोटात टॉवर आहे. हे तेव्हा जगात मला एकट्याला ठाऊक होतं, आणि आता तुला.

पत्रिका संक्रांतीच्या सुमारास वाटली गेली आणि काय सांगू, मुंबई रडली. भांडुपपासून विरारपर्यंत आपली माणसं रडली. जो तो मला फोन करू लागला. प्रवीणने (तो टेम्पोवाला, शिमग्याला येतो आणि दुसऱ्या दिवशी, टॉवर असूनही, रेंज नाही म्हणत पळतो) ते चित्र आपल्या गाडीच्या मागे लावून घेतलं. सहाणेच्या पायरीवर मी एक पाठमोरी मुलगी काढली आहे, परकर-पोलक्यातली. ती आपलीच आई, आपलीच आत्या, आपलीच थोरली बहीण असं किती घरांनी मला छातीठोक सांगितलं त्याला गणती नाही. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. पाठमोऱ्या माणसाचा हाच फायदा असतो. लोक म्हणाले, महिपतीने आमचं बालपण जसंच्या तसं उतरवलं. मी मान तुकवली. खोटी नम्रता मला जमत नाही म्हणून नुसती तुकवली.

पण खरं रडू होतं ते आंब्याला. पहिल्यांदा अनिलरावांना आठवलं की ह्याच झोक्यावरून ते पडले होते. मग प्रवीणला त्याच्या कैऱ्या आठवल्या, मीठ लावलेल्या. मग कुणाला त्यावरचं मधाचं पोळं, कुणाला त्याखाली झालेली मुंज. (आपल्यात मुंज कधी होत होती ते मला ठाऊक नाही.) गोमाजी तर इथे गावातच राहतो, रोज त्या टॉवरखाली गुरं बांधतो, पण त्यालाही एका रविवारी आंब्याचं लोणचं आठवलं. पुढे पुढे असं झालं की आंबा आठवत नाही म्हणणारा म्हणजे गावचा नव्हेच. त्यामुळे सगळ्यांना आठवू लागला.

आणि एवढं गोड झाड आज तिथे नाही, म्हणजे ते गेलं कुठे, हा प्रश्न निघाला. चित्र शेजारी धरून बघितलं तर चित्रात आंबा आहे तिथे आज टॉवर आहे. (असणारच, टॉवरवर आंबा मीच चढवला होता.) जागा भागोजीनानांची. तेव्हा ग्रुपवर ठरलं की भागोजीनानांनी टॉवर उभा करण्यासाठी गावचा आंबा तोडला. ज्यांनी हे लिहिलं त्यांची अक्षरं त्याच टॉवरवरून इथे येत होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नानांनी जागा दिली होती ती पोरांचे आवाज म्हाताऱ्यांच्या कानावर यावेत म्हणून, हेही सगळे विसरले. अनिलरावांनी ठराव मांडला की जोवर नाना गावाची माफी मागत नाहीत तोवर सहाणेवरून उठलेली पालखी पहिल्यांदा त्यांच्या दारात जाणार नाही.

तुला वेगळं सांगायला नको की हा केवढा घाव आहे. पालखीचा पहिला मान नानांच्या घराण्याचा. दुसरी इस्टेट त्यांच्याकडे नाही. नाना ऐंशीच्या पुढे गेले, पण अजून पालखी दारात आली की खांदा द्यायला उठतात आणि आपण त्यांना धरून ठेवतो. ठकूकाकींनी देवीच्या ओटीचा खण पौषातच आणून ठेवला होता. मी गेलो तेव्हा त्या तो पुन्हा पेटीत घालत होत्या. नाना ओटीवर बसून होते. मला एवढंच म्हणाले, "महिपती, माझ्या आवाटात आंबा कदी व्हता रं?" त्यांनी रागाने विचारलं नव्हतं. त्यांना खरंच आठवून बघायचं होतं.

अक्का, त्या दिवशी मी ठरवलं की कला गेली तरी चालेल, नानांचा मान राहिला पाहिजे. महाशिवरात्रीला महाडच्या छबिन्याच्या जत्रेसाठी मुंबईची मंडळी आली होती, तीच दुसऱ्या दिवशी गावकीच्या बैठकीला सहाणेवर जमली. मी उभा राहिलो. सदरा इस्त्रीचा घातला होता. सगळ्यांसमोर सांगितलं की आंबा माझ्या कल्पनेतला आहे, टॉवर पुसला जाईना म्हणून तो काढला, नानांचा काही संबंध नाही. हुबेहूब गाव उतरवणारा म्हणून माझा नुकताच नारळ-शाल देऊन सत्कार झाला होता आणि शाल अंगावरच होती. आता लोक चित्र फाडतील असं मला वाटलं. लोक हसले. कौतुकाने हसले. अनिलराव म्हणाले की कलावंताचं मन मोठं असतं, शेजाऱ्याला वाचवायला स्वतःवर घेतो. प्रवीण म्हणाला की काका विसरले असतील पण त्यांच्या हाताला आठवतंय. माझ्या हयातीत मी एवढं खरं कधी बोललो नव्हतो, आणि त्याला टाळ्या पडल्या. समीक्षाने तेवढ्यात मला खाली बसवलं.

मग नाना उठले. ठकूकाकी मागून सदरा ओढत होत्या, पण ते उठलेच. टॉवरकडे बघून जे बोलले ते मी जसंच्या तसं देतो.

"व्हय. आंबा मीच तोडला. टावरसाठी नाय. ज्या वर्साला तुमच्यातला एक पन माणूस शिमग्याला आला नाय, त्या वर्साला तोडला. देवीच्या व्हळीला रानातनं झाड आणायचं तर आमी मूठभर म्हातारी, उचलायचं कुणी? म्हनून दारातला दिला. व्हळी उभी रायली. आता मान ठेवा, नायतर काढा."

तुला आठवतं ना ते साल, आजाराचं, रस्ते बंद असलेलं. तेव्हा इथे खरंच कुणी आलं नव्हतं. तुम्हीही नव्हता. त्यामुळे आंबा तुटला नाही असं म्हणायची मुंबईकरांपैकी कुणाची टाप नव्हती. आणि नुसतं तेवढंच नाही, अक्का. लोकांनी माना खाली घातल्या होत्या. झाड खोटं होतं, पण ज्याच्यासाठी ते तोडल्याचं नाना सांगत होते ते एकटेपण खरं होतं, आणि ते प्रत्येकाला लागलं. अनिलराव उठले, नानांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि ते डोकं बराच वेळ वर आलं नाही. पालखी पहिल्यांदा नानांच्याच दारात येणार. शिवाय ह्या वर्षी होळीला पहिला अग्नीही तेच देणार, हा जास्तीचा मान. गाव एकदा द्यायला लागलं की हात आखडत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी दार लावून लिहितो आहे ती. त्या वर्षीची होळी मला चांगली आठवते. तिच्यात आंबाबिंबा काही नव्हता. माझ्या पडक्या गोठ्याचे वासे होते. मी आणि नाना, आम्ही दोघांनी ओढत नेले होते, आणि त्यापायीच माझी ही कंबर धरली. म्हणजे तो मान खरं बघता माझ्या वाशांचा. बैठकीत हे तोंडाशी आलं होतं. पण नाना खाली बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी शाल नीट केली. अक्का, हे चित्र मोठं की ते न बोलणं मोठं, असा विचार करतो तेव्हा दोन्ही माझीच असल्यामुळे निर्णय होत नाही.

घरच्या सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि लहानांना पापे. भावजींना सांग, डबी कुठे लपवली ते मला कळवलं तर मी कुणाला सांगणार नाही. पत्र वाचून झालं की फाड, आणि तुकडे वरच्या मजल्याच्या कचऱ्यात पडणार नाहीत असं बघ.

तुझा,
महिपती

ता. क. एक छोटं काम आहे, खरं तर त्यासाठीच लिहिलं. तुझ्या लग्नाचा एक फोटो आहे, तू आणि भावजी सहाणेच्या पायरीजवळ उभे आहात तो. त्यात तुमच्या मागे नानांचं आवाट दिसतं. तिथे एखादं झाड आहे का, तेवढं बघून कळव. आहे का हे मला आता नक्की सांगता येत नाही. माझ्या डाव्या कोपरावर जी खूण आहे, ती सायकलवरून पडल्याची असं मी आजवर सांगत आलो. पण परवा रात्री एकाएकी आठवलं की मी झोक्यावरून पडलो होतो, आणि तू मला कडेवर घेऊन घरी नेलं होतंस. कैऱ्यांचा वाससुद्धा आला.

ता. क. फोटोत झाड नसेल तर तो फोटो गावाला आणू नको. असेल तर फ्रेम करून आण, खर्च मंडळ देईल.

ता. क. आणखी एकच. पायरीवरची ती पाठमोरी मुलगी कुणाचीही आई नाही आणि आत्याही नाही. तिची एक वेणी सुटलेली आहे, नीट बघ. बाबा शिमग्याला मुंबईहून यायचे त्या दिवशी तू सकाळपासून त्या पायरीवर रस्त्याकडे बघत बसायचीस आणि आईला वेणी पुरी घालू द्यायची नाहीस. चित्रात नंतर घातलेल्यांपैकी तेवढंच एक मी कशावरही चढवलेलं नाही, कोऱ्या राहिलेल्या जागेवर काढलं आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही, नाहीतर तिचाही मान कुणीतरी मागेल. यंदा त्या पायरीवर मी बसणार आहे. (कंबरेमुळे फार वेळ बसवत नाही, तेव्हा सकाळची पहिली गाडी धर.)